जनावरानं टाकलं, तेच रानात उरलं
(बारामती-इंदापूरच्या चाऱ्यातल्या काट्यांचा इतिहास)



गेल्या हिवाळ्यात जिरायती पट्ट्यातून वाळल्या गवताचा एक टेम्पो विकत घेतला. वरच्या पेंढ्या पिवळ्याधमक, वासही चांगला. आठ दिवसांनी दुसऱ्या वेताची गाय गव्हाणीत तोंड घालायची आणि लगेच मागं घ्यायची. लाळ गळायला लागली. आधी वाटलं लाळ्या-खुरकूत आली, पण खुरं स्वच्छ. डॉक्टरांनी जीभ बाहेर ओढून खालून बोट फिरवलं तर मुळाशी कुसळांचा पुंजका रुतलेला आणि त्याच्या बाजूला जखम. कुसळं काढली, औषध झालं, पण दूध पूर्ववत व्हायला तीन आठवडे गेले. डॉक्टर जाताना म्हणाले, "अशा जखमेतूनच जंतू शिरतो आणि जीभ लाकडासारखी कडक होऊन बसते. वेळेवर कळलं म्हणून बरं."

विकणाऱ्याला दोष देऊन उपयोग नव्हता. पेंढी सोडून मीच पाहिली नव्हती. त्या दिवशी गंजीतल्या वीस पेंढ्या अंगणात सोडल्या आणि गवतातून नको ते वेगळं काढलं. कुसळीच्या काड्या, पिवळ्या धोत्र्याची वाळलेली काटेरी पानं, काटेरी माठाची दांडकी, लांडग्याची बोंडं (काही गावांत यालाच गोखरू म्हणतात) आणि वेडी बाभळीच्या दोन फांद्या. ढीग बघत बसलो आणि वाटलं, एवढे काटे आपल्या चाऱ्यात आले कधी? आपले आजे-पणजेही याच माळावर गुरं राखत होते. त्यांच्या वेळी काय होतं?

शोधत गेलो. जे सापडलं ते सांगतो.

आधी माळ होता, मग नांगर आला

आपला मुलूख मुळात गवताचा. सुपे, शिर्सुफळ, कडबनवाडी, निमगाव केतकी या भागात पाऊस कमी, माती हलकी, खाली मुरूम. अशा जमिनीत झाड फार मोठं होत नाही, गवत मात्र नेकीनं येतं. पवन्या, शेडा, मारवेल, डोंगरी ही इथली खरी चाऱ्याची गवतं. मराठेशाहीत घोडदळासाठी कुरणं राखलेली असायची. पावसाळ्यात कुरणात गुरं सोडायची नाहीत, गवत तयार झालं की कापायचं, हा त्यातला साधा नियम. 'कुरण' हा शब्दच राखण्यातून आलेला आहे, नुसत्या चरण्यातून नाही, असं मला वाटतं.

इंग्रजी अमलात पहिली मोठी उलथापालथ झाली ती इंदापुरात. १८३०च्या आसपास प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं बसवलेला शेतसारा इतका जड झाला की लोक जमिनी टाकून चालले. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पाहणी केली, सारा कमी केला आणि तो तीस वर्षांसाठी कायम केला. पुढं मुंबई इलाखाभर जी जमीनपाहणीची पद्धत गेली, तिची सुरुवात इंदापूर तालुक्यातली. सारा हलका झाल्यावर पडीक जमिनी भराभर नांगराखाली आल्या. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हे चांगलंच झालं. पण गुरं तेवढीच राहिली, उलट बैल वाढले, आणि चरायला उरला तो माळाचा, ओढ्याकाठचा, गायरानाचा तुकडा.

काट्याची गोष्ट इथं सुरू होते. जनावर चरताना निवडून खातं. आधी मारवेल, मग पवन्या, मग इतर. कुसळी कोवळी असताना खातं, कुसळ धरल्यावर सोडतं. काटेरी झुडपाला तोंड लावत नाही. ज्याला तोंड लावलं त्याला फुलायला सवड मिळत नाही, ज्याला सोडलं त्याचं बी पडतं. एका वर्षात फरक दिसत नाही. वीस वर्षांत माळाचं अख्खं रूप पालटतं. म्हणजे आज माळावर जे काटे दिसतात, ती एका अर्थी शंभर वर्षांची उष्टावळ आहे. गुरांनी टाकलेलं तेवढं उरलंय.

ही नुसती माझी समजूत नाही. पुण्याच्या शेती कॉलेजातले वनस्पतिशास्त्रज्ञ डब्ल्यू. बर्न्स आणि त्यांचे सहकारी कुलकर्णी, गोडबोले यांनी १९२०च्या दशकात भांबुर्ड्याला (म्हणजे आजच्या शिवाजीनगरला) गवताळ जमिनीवर याचाच अभ्यास केला. मोकाट चराईच्या जमिनीत कुसळाची आणि निकस, एका हंगामाची गवतं माजतात. जमीन राखली की चांगली, बहुवर्षायू गवतं हळूहळू परत येतात. बियाणं न विकत घेता, नुसतं राखून. शंभर वर्षं झाली, पुण्यात झालेलं काम, आणि आपल्यापर्यंत पोचलेलंच नाही.

निवडुंग: कुंपण, चारा आणि डोकेदुखी

काटा काही नुसता माळावर आपोआप वाढला नाही. काही काटे माणसानं हौसेनं आणले. त्यातला पहिला मोठा म्हणजे फड्या निवडुंग.

निवडुंग मूळचा अमेरिका खंडातला. त्याच्यावर एक किडा वाढतो, कोचिनील. त्याच्यापासून लाल रंग निघतो. त्या रंगाचा धंदा स्पेनच्या हाती होता आणि ईस्ट इंडिया कंपनीला तो हवा होता. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन नावाच्या माणसानं ब्राझीलमधून कोचिनील किडा कलकत्त्याला आणला. पण आणलेला किडा चुकीच्या जातीचा निघाला. रंग धड मिळाला नाही, मात्र त्या किड्यानं एका जातीचा निवडुंग खाऊन फस्त केला. तणावर किडा सोडून तण मारण्याचं हे जगातलं सुरुवातीचं उदाहरण मानतात, आणि तेही चुकून घडलेलं.

दख्खनमध्ये मात्र माजला तो दुसऱ्या जातींचा निवडुंग. त्याला हा किडा लागतच नव्हता. गावाभोवती, मळ्याभोवती कुंपणाला लोकांनी तोच लावला. गुरं आत येत नाहीत, पाणी लागत नाही, खर्च नाही. फडी मोडून पडली की तिथंच मूळ धरते. कुंपण एक हाताचं होतं ते दहा हातांचं झालं, बांधावरून शेतात, शेतातून ओढ्यात आणि माळावर.

मग दुष्काळ. १८७६-७८, १८९६-९७, आणि लगेच १८९९-१९००. वैरण संपल्यावर लोकांनी फड्या तोडल्या, जाळावर धरून काटे जाळले आणि तुकडे करून गुरांना घातल्या. अमेरिकेत टेक्सासचे गुराखीही हेच करत. पण फडीत दहातले साडेआठ-नऊ भाग पाणीच. नुसत्या निवडुंगावर जनावर पातळ शेण टाकतं आणि खंगतं. सोबत थोडा कडबा, थोडी पेंड असेल तर तो जीव तगवतो, एवढंच. काटे नीट जळले नाहीत तर तोंड, जीभ, पोट सगळं सोलून निघतं. नेमका कडबा नसतो म्हणूनच तर निवडुंग आठवतो, ही त्यातली गोम.

आणि दुष्काळ सरला की एक गोष्ट हमखास व्हायची. निवडुंग काढायचं कुणी मनावर घ्यायचं नाही. "असू द्या, वाईट वर्षाला उपयोगी पडतो." चांगल्या वर्षात काटा काढायला वेळ नाही, वाईट वर्षात तो काढायची हिंमत नाही. हे वाक्य मला या साऱ्या इतिहासाचं सार वाटतं.

शेवटी निवडुंगाचा बंदोबस्त माणसानं कुऱ्हाडीनं केलाच नाही. १९२६ मध्ये श्रीलंकेतून कोचिनीलची दुसरी जात मद्रास इलाख्यात आणली गेली. तिनं पाच-सहा वर्षांत तिकडचा जवळपास ४० हजार हेक्टरवरचा निवडुंग झोपवला. दख्खनमधली दाट बनंही त्याच किड्यानं पुढं विरळ केली. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात निवडुंगानं सुमारे २ कोटी ४० लाख हेक्टर जमीन व्यापली होती. तिथं अर्जेंटिनातून आणलेल्या एका पतंगाच्या अळीनं काही वर्षांत ती मोकळी केली. शेतकऱ्यांनी त्या पतंगाच्या नावानं सभागृह बांधलं, ते अजून उभं आहे. आपल्याकडं किड्याला कुणी हारही घातला नाही!

कालवा, खारपड आणि वेडी बाभूळ

निवडुंग गेला, जागा रिकामी झाली. पण काटा काही जात नाही, तो फक्त नाव बदलतो.

१८७६च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून नीरा डावा कालवा खोदायला घेतला. १८८५ पासून त्यातून पाणी वाहू लागलं. बारामती-इंदापूरचे दोन भाग झाले ते तेव्हापासून, बागायती आणि जिरायती. बागायत्याला उसाचं वाढं मिळालं, त्याचं गवतावरचं लक्ष उडालं. पण पाण्याबरोबर मीठही वर आलं. १९१० मध्ये हॅरल्ड मॅन आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली, म्हणजे कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षांत जमिनी खराब झालेल्या दिसत होत्या. अशा चोपण-खारपड जमिनीत ऊस येत नाही, ज्वारी येत नाही. तिथं पुढं कोण आलं? वेडी बाभूळ.

ही बाभूळही अमेरिकेकडची. बेडोम नावाच्या वनाधिकाऱ्यानं १८७६ मध्ये मागणी केली आणि जमैकाहून बी येऊन १८७७ मध्ये आंध्रातल्या कडप्पा भागात लागलं. हेतू चांगला होता. उजाड जमिनीवर जळण मिळावं. १९४० मध्ये जोधपूर संस्थानानं तर तिला राजमान्य झाड ठरवलं, तोडायला बंदी केली. आपल्याकडची म्हातारी माणसं हिची खरी ओळख बहात्तरच्या दुष्काळानंतरची सांगतात. कुणी म्हणतं विमानातून बी टाकलं, कुणी म्हणतं रस्त्याच्या कामावर लावली. पारावरच्या गोष्टींत जे काही खरं-खोटं असेल ते असो, ती पसरली कशी हे मात्र प्रत्येकानं डोळ्यांनी पाहिलंय. शेणातून.

तिची शेंग गोड. एप्रिल-मे महिन्यात दुसरं काही नसतं तेव्हा गुरं, शेळ्या, मेंढ्या तुटून पडतात. बी मात्र इतकं टणक की पोटातून बरंचसं अख्खंच बाहेर पडतं, उलट रुजायला तयार होऊन. गाई-म्हशीच्या शेणातून जास्त, मेंढरांच्या लेंडीतून कमी, कारण मेंढरू बारीक चावतं. तेव्हा मेंढरं बसवणाऱ्या धनगराच्या नावानं बोटं मोडण्याआधी आपण आपला उकिरडा बघावा. अर्धं कुजलेलं शेणखत शेतात टाकणारे आपणच.

इथं पुन्हा तेच घडलं. पाला गुरं खात नाहीत, म्हणून झाड वाचतं. शेंग खातात, म्हणून बी पसरतं. वाईट वर्षात "शेंगा तरी होतात" म्हणून राखली, चांगल्या वर्षात "नंतर बघू" म्हणून राहिली. आज कडबनवाडीच्या गवताळ माळावर, सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या आसपास बघा. जिथं चिंकारा, लांडगा, माळटिटवी राहते ते हेच गवत. तिथंही बाभळीचं झुडूप चढतंय. आपण गवत म्हणजे पडीक समजतो आणि झाड म्हणजे सुधारणा, यात गवताचं फार नुकसान झालं.

उजनीचा गाळ आणि लांडग्याचं बोंड

इंदापूरच्या उत्तरेला वेगळी तऱ्हा. १९८० मध्ये उजनी धरण झालं आणि भीमेचं पाणी मागं पसरलं. उन्हाळ्यात पाणी हटलं की गाळपेराची जमीन उघडी पडते. हिरवा चारा तिथं मुबलक, पण लांडगाही तिथंच माजतो. त्याच्या बोंडाला आकडे असतात, ती पाण्यावर तरंगत येतात, गुरांच्या शेपटीला चिकटून घरी येतात.

या बोंडाची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. एका बोंडात दोन बिया असतात. साधारणपणे एक पहिल्या वर्षी उगवते, दुसरी मागं राहते. म्हणून एक वर्ष खुरपून "संपला" म्हणणारा पुढच्या वर्षी फसतो. आणि त्याची दोन दलांची कोवळी रोपं विषारी असतात. पाणी हटल्यावर गाळात पहिली हिरवळ दिसली की उपाशी गुरं तिच्यावर सोडू नका.

कुट्टीनं काय बदललं

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या गाईच्या जिभेचं खरं उत्तर.

इतकी वर्षं काटा रानात वाढला, पण जनावराच्या तोंडात तुलनेनं कमी गेला. कारण गाय दावणीलाही निवडून खायची. पेंढी टाकली की शेंडे ओढायची, काटेरी दांडकं बाजूला सारायची, सकाळी गव्हाणीत ते उरलेलं दिसायचं. मग घरोघरी कडबाकुट्टी आली. वैरण वाया जात नाही, दूध वाढतं, हे खरंच. पण कुट्टीत काट्याचेही बोटभर तुकडे होतात आणि चांगल्या गवतात मिसळून जातात. त्यावर भुसा, पेंड, मिठाचं पाणी शिंपडलं की गाईला वासानंही कळत नाही. जी निवड ती स्वतः करत होती, ती आपण तिच्याकडून काढून घेतली आणि आपण मात्र करत नाही.

त्यातही पिवळा धोत्रा आणि काटेरी माठ. धोत्रा हिरवा असताना कुठलंच जनावर तोंड लावत नाही, कारण तो विषारी आहे. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात धोत्र्याचं तेल मिसळल्यानं माणसं दगावली होती, तो हाच. वाळून कुट्टीत गेला की कोण ओळखणार? काटेरी माठ पाण्याच्या ताणात आणि युरिया पडलेल्या शेतात नायट्रेट साठवतो. थोडा गेला तर चालतो, टोपलीभर गेला तर जनावर धापा टाकतं.

मग करायचं काय

इतिहासातून मला उमगलं ते एवढंच, की काटा काढायचा निर्णय चांगल्या वर्षातच घ्यावा लागतो आणि बी पडायच्या आधी. बाकी तपशील महिन्यांप्रमाणे सांगतो.

भाद्रपद-आश्विन. माळाचं गवत फुलोऱ्यात कापायचं. आपली सवय दिवाळीनंतर, पूर्ण पिवळं झाल्यावर कापायची. तोवर कुसळ पिकून गळतं, गवतातली प्रथिनंही उतरतात. म्हणजे कुसळ जास्त आणि कस कमी. पाऊस मध्येच येतो ही अडचण खरी आहे. उघडीप बघून थोडं थोडं कापा, बांधावर पसरा, दिवसातून एकदा उलटा. भिजायची भीती जास्त असेल तर त्याच गवताचा मका किंवा कडवळाबरोबर मुरघास करा.

मार्गशीर्ष-पौष. पिवळा धोत्रा फुलावर असताना हातमोजे घालून उपटायचा. बोंडं तडकली की हजारो बिया गेल्या. उपटलेला बांधावर ठेवायचा नाही, खड्ड्यात घालायचा.

चैत्र-वैशाख. वेडी बाभळीच्या शेंगा पडतात तेव्हा गुरं मोकळी सोडायची नाहीत. शेंगा गोळा करून, वाळवून, बी फुटेल अशा भरडायच्या आणि खुराकात पाचव्या हिश्शापर्यंत घालायच्या. नुसत्या शेंगांवर गुरं ठेवली तर जबड्याचे, पचनाचे त्रास होतात. झाड काढायचं तर नुसतं छाटू नका. छाटलं की एकाचे दहा फुटवे. बुंध्याखाली वीत-दीड वीत खोल मूळ तोडलं तरच ते मरतं. आणि मोकळी झालेली जागा उघडी ठेवायची नाही, तिथं त्याच पावसाळ्यात मारवेलचे ठोंब लावायचे. रिकामी जागा म्हणजे पुढच्या काट्याला आवतण.

बारमाही. विकतच्या गवताच्या प्रत्येक खेपेतल्या चार-पाच पेंढ्या टेम्पोतून उतरवायच्या आधी सोडून बघा. कुट्टीत घालण्याआधी पेंढी झटका, दांडकी काढा. शेणखत नीट तापून कुजू द्या. जनावर चारा सोडायला लागलं, लाळ गाळायला लागलं तर आधी तोंड उघडून जिभेखाली बघायला सांगा.

आणि सगळ्यात अवघड काम गावाचं. गायरानाचा एक तुकडा निवडून दोन पावसाळे चराई बंद करायची, गवत कापून न्यायचं. हिवरे बाजारनं चराईबंदी करून हेच साधलं, काही जादू केली नाही. धनगर बांधवांना विचारून, त्यांची वाट आणि वेळ ठरवून हे करायला हवं. त्यांना वगळून केलेली बंदी टिकत नाही, आणि माळाची पारख त्यांच्याइतकी कुणाला नाही.

हल्ली बिनकाट्याच्या निवडुंगाची चर्चा आहे. चाऱ्यासाठी चांगला आहे, खडकाळ जमिनीत येतो. पण अमेरिकेत ल्यूथर बरबँकनं शंभर वर्षांपूर्वी असाच बिनकाट्याचा निवडुंग गाजवला होता, आणि त्याच्या बियांतून काटेरी रोपं निघतात हे नंतर कळलं. तेव्हा लावा जरूर, पण फडीपासून लावा, फळं बांधावर सडू देऊ नका, आणि आज ना उद्या तो काढायची वेळ आली तर कोण काढणार, हे लावायच्या दिवशीच ठरवा. दीडशे वर्षांपूर्वी कुंपण लावणाऱ्यानं ते ठरवलं नव्हतं.

माझी गाय आता बरी आहे. अंगणातल्या त्या ढिगातली लांडग्याची पाच बोंडं मी एका काचेच्या बरणीत घालून गोठ्याच्या खिडकीत ठेवलीत. कुट्टी चालू करताना नजर तिकडं जाते आणि हात पेंढीची गाठ सोडतो.